वीस नारिंगी टोकं

आमच्या बाबांना सोडतीत बंदूक लागली, इथवर ठीक होतं. भानगड झाली ती बंदुकीबरोबर फुकट आलेल्या खोक्यामुळे.

दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी आमच्या बिटर वेल्स गावचे आगीचे बंबवाले गावजेवण ठेवतात. पगारी नाहीत बिचारे, गावातलेच लोक आहेत. कुणी प्लंबर, कुणी शाळेची बस चालवतो. बंबाला नवे टायर घालायचे झाले की मांस भाजायचं, तिकिटं विकायची आणि सोडतीत शिकारीची एक बंदूक ठेवायची. एका वर्षी त्यांनी बंदुकीऐवजी शिलाई मशीन ठेवून बघितलं. त्या वर्षी बंब जुन्याच टायरांवर फिरला.

तर यंदा बंबवाल्यांच्या चीफ डेल्फिनने बादलीत हात घालून चिठ्ठी काढली आणि माइकवर ओरडली, "लेलँड आर्दान्स!" बाबा मागे वळून बघायला लागले. जसं काही गावात लेलँड आर्दान्सची रांगच लागलीये.

आमचे बाबा पाणीखात्यात मीटर तपासतात. नेव्हाडाच्या या वाळवंटात चारी बाजूंना वीस-वीस मैल कुत्रं दिसत नसलं, तरी 'थांबा'च्या पाटीपाशी ते गाडी पूर्ण थांबवतात आणि मनात तीनपर्यंत मोजतात. ओठ हलतात त्यांचे, मी बघितलंय. या माणसाला आयुष्यात कधी काही लागलं नव्हतं. एकदा रेडिओवाल्यांनी पिझ्झा दिला होता, तोही शेजारच्या घरी पोचला. त्यामुळे दुकानात सगळे फॉर्म भरून, तपासणी होऊन बंदूक हातात आली, तेव्हा बाबा ती अशी धरून चालत होते, की मला वाटलं आता बाळाचं नाव ठेवतायत.

घरी येऊन खोकं उघडलं. जुनं, राखाडी पुठ्ठ्याचं. वरची चिठ्ठी कुणीतरी नखाने खरवडून काढलेली. आत वीस काडतुसं, आणि प्रत्येकाच्या टोकाला नारिंगी रंग.

"नेलपॉलिश लावलंय का हे?" आई म्हणाली. आई दातांच्या दवाखान्यात बसते, तिला कुठल्याही वस्तूचं टोक आधी दिसतं.

कुंपणापलीकडून प्रुइटकाका बघत होते. ते नेहमीच बघत असतात. तरुणपणी दोन वर्षं लष्करात होते, स्वयंपाकी म्हणून, पण गावातल्या सगळ्या शस्त्रांचा खुलासा तेच करतात.

"लेका लेलँड," ते म्हणाले, "या ट्रेसर आहेत. बुडाला जळणारा मसाला भरलेला असतो. गोळी सुटली की मागे लालभडक रेघ ओढत जाते. आपण मारतोय कुठे ते सैनिकाला दिसावं म्हणून."

"आग लागते?"

"गवतात पडली तर लागते की! मसाला जळतच असतो ना तिचा."

मला असं हसू फुटलं की मी पायरीवर बसलेच. आग विझवणाऱ्यांनी आग लावणाऱ्या गोळ्या बक्षीस दिल्या! मी म्हटलं, पुढच्या वर्षी काडेपेट्या वाटतील. आईपण हसली. बाबा नाही हसले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे कायदेशीर आहे का?"

प्रुइटकाकांनी कॉफीचा एक घोट घेतला. फार लांबलचक घोट होता तो.

"आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "असावं." मग कप बघत म्हणाले, "ठेवायला आहे, उडवायला नाही. का उलट आहे कुणास ठाऊक."

झालं. एवढ्यावर आमच्या घरातली शांतता संपली.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सतरा वर्षांची. शाळा मी वसंतात सोडली. का सोडली हा एक वेगळाच तमाशा आहे, त्यात एक खुर्ची आणि एक खिडकी येते, जाऊ दे. तेव्हापासून बाबा माझ्याशी हवामानापलीकडे बोलत नव्हते. मला बंबवाल्यांमध्ये जायचं होतं. जानेवारीत त्यांचं नव्या पोरांचं प्रशिक्षण सुरू होतं, आणि अठराच्या आतल्यांना आईबापापैकी एकाची सही लागते. आई म्हणाली, बाबांची घे, नाहीतर आयुष्यभर माझं डोकं खातील. फॉर्म माझ्या जॅकेटच्या खिशात घडी होऊन होऊन कापडासारखा मऊ झाला होता.

त्या रात्रीच्या जेवणात बाबा बटाट्याकडे बघत म्हणाले, "मायते, तुला दिवसभर काही काम नसतं."

"थँक्यू."

"हे खोकं कायदेशीर आहे का नाही, ते शोधून काढ. मला लेखी हवंय. उडवता येतं का, कुठे, कधी. एक गोष्ट हातात घे आणि शेवटापर्यंत ने. मग मी तुझ्या त्या फॉर्मवर सही करतो."

मला वाटलं, दोन फोनचं काम. मूर्ख होते मी.

पहिला फोन शेरिफच्या कचेरीत. तिथे मॅव्हिसबाई बसतात, त्यांचा आवाज दाराच्या कडीसारखा आहे.

"ट्रेसर गोळ्या ठेवायला परवानगी आहे का?" मी विचारलं.

"कुणाकडे आहेत?"

बाबा समोर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. सांगू नको, सांगू नको. मी म्हटलं, "एका ओळखीच्या माणसाकडे."

"म्हणजे तुझ्याकडे."

"माझ्याकडे कशाला? माझ्या बाबांकडे!"

बाबा फ्रीजला टेकून हळूहळू खाली बसले.

"लेलँडकडे होय?" मॅव्हिसबाई म्हणाल्या. "ठेवायला काही हरकत नाही. उडवायच्या असतील तर जमीन कुणाची ते बघ."

"हे लिहून द्याल?"

"आम्ही कायद्याचा सल्ला देत नाही."

"मग आत्ता काय दिलंत?"

"माहिती."

"मग माहिती लिहून द्या."

"लिहिली की सल्ला होतो, पोरी."

दुसरा फोन जमीन खात्यात. आमच्याकडे गावाबाहेर पाय टाकला की जवळजवळ सगळी जमीन सरकारचीच. फोनवरचा माणूस फार गोड बोलत होता, त्यामुळे मला आधीच संशय आला.

"वणव्यांच्या हंगामात बंदी आहे," तो म्हणाला.

"हंगाम कधी संपतो?"

"आदेश मागे घेतला की."

"आदेश कधी मागे घेतात?"

"हंगाम संपला की."

मी फोन आपटला. मग परत लावला, कारण फोन आपटणं म्हणजे उत्तर मिळणं नव्हे, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. तोच माणूस. मी आवाज बदलून विचारलं. त्याने तेच सांगितलं, तेवढ्याच गोड आवाजात, आणि शेवटी म्हणाला, "मघाशी तुमच्या बहिणीनेही हेच विचारलं होतं."

मग आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. बाबांनी एकच काडतूस रुमालात गुंडाळून आणलं होतं, आजारी चिमणी आणल्यासारखं. फाटकावरच्या म्हाताऱ्याकडे दोरीला बांधलेलं चुंबक असतं. पोलादी गोळीने ठिणगी पडते म्हणून चुंबकाला चिकटली की गोळी मैदानाबाहेर, असा त्याचा नियम. त्याने चुंबक जवळ नेलं, टक्क. मग त्याची नजर टोकावर गेली.

"नारिंगी?" तो म्हणाला. "मामा, मागे तो बांध बघितलात का? कशाचा आहे?"

"टायरांचा," बाबा म्हणाले.

"टायर जळताना बघितलाय कधी? मी बघितलाय. तीन दिवस. माझ्या भुवया परत आल्याच नाहीत."

खरंच नव्हत्या. मी सगळा वेळ विचार करत होते की या माणसाचा चेहरा असा दचकल्यासारखा का दिसतो.

"पण कायद्याने चालतं का?" बाबांनी विचारलं.

"कायद्याचं मला माहीत नाही. माझ्या भुवयांचं माहीत आहे."

एव्हाना गावात सगळ्यांना कळलं होतं. बाबा मीटर तपासायला जातील तिथे लोक सल्ले घेऊन उभे. एकीने सांगितलं, तळ्यात फेका. तिच्या नवऱ्याने सांगितलं, तळ्यात फेकणं हाच मोठा गुन्हा आहे. न्हाव्याने सांगितलं, टोकं घासून रंग काढा, मग कोण ओळखतंय. हे ऐकून बाबा अर्धे केस कापलेले असतानाच खुर्चीवरून उठले. दोन दिवस तसेच फिरले, एक बाजू पाणीखात्याची, एक बाजू फरारी कैद्याची.

पण खरा दणका दिला तो प्रुइटकाकांनी. कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "घरात ठेवलंयस ना ते? उद्या घराला आग लागली, तर विमावाले पहिलं काय विचारतील?"

"काय?"

"हेच. आणि मग हात वर करतील."

"कायद्यात आहे हे?"

"विम्यात आहे. कायद्याहून वाईट."

बाबांनी खोकं टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल सहलीच्या बर्फपेटीत ठेवला आणि बर्फपेटी गाडीच्या डिकीत. विमा गाडीचाही असतो, हे मी म्हणणार होते. नाही म्हटलं. हे माझं चुकलं, मान्य आहे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आम्ही जीनेटआत्याकडे जातो. आत्या कॅलिफोर्नियात राहते, आमच्यापासून पाऊण तासावर. टर्की ती नावापुरती करते. खरं जेवण म्हणजे लसूण घातलेलं कोकराचं मांस, आमचे पणजोबा मेंढ्या राखायला युरोपातल्या बास्क मुलखातून आले तेव्हापासूनचं. ते गार झालेलं आत्याला खपत नाही. ठीक एक वाजता ताटं. एक वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला ती पाहुणा म्हणत नाही.

राज्याची हद्द ओलांडली की थोडं पुढे कॅलिफोर्नियावाल्यांचा नाका आहे. बंदुकीबिंदुकीचा नव्हे, फळांचा! बाहेरच्या फळांतून कीड येते म्हणून प्रत्येक गाडी थांबवून विचारतात. आम्ही शंभर वेळा गेलोय. माणूस विचारतो, बाबा नाही म्हणतात, माणूस हात हलवतो.

यंदा एक कोवळा पोरगा होता, छातीवर 'ट्रॅव्हिन' असं नाव.

"फळं, भाज्या, रोपं, जळाऊ लाकूड काही आहे का?"

"काही नाही," आई म्हणाली.

मी मागच्या सीटवरून बघत होते. बाबांची मान हळूहळू लाल व्हायला लागली, कॉलरपासून वर, थर्मामीटरसारखी. मला तेव्हाच आठवलं. बर्फपेटी!

"बाबा," मी हळूच म्हटलं, "त्याने फळांचं विचारलंय. फक्त फळांचं."

"तीन लिंबं आहेत," बाबा म्हणाले.

"लेलँड!" आई म्हणाली. लिंबं तिच्या पर्समध्ये होती, टर्कीसाठी.

"तीन लिंबं," बाबांचा आवाज चिरका झाला होता, "आणि वीस ट्रेसर काडतुसं."

ट्रॅव्हिनने हातातली यादी बघितली. पान उलटलं. परत सुलटं केलं.

"ती... झाडाला लागतात का?" त्याने विचारलं.

"नाही हो! बंदुकीची!"

"त्यांना कीड असते का?"

"नसावी," बाबा म्हणाले. खरंच विचार करून म्हणाले. "पण तुमच्या राज्यात ती नुसती बाळगणं हाच गुन्हा आहे, असं माझी मुलगी म्हणते. तिने वाचलंय."

वाचलं होतं मी. अख्ख्या ऑक्टोबरात मला सरळ 'नाही' म्हणणारी हीच एक जागा सापडली होती, आणि आम्ही नेमके तिथेच आलो होतो, खोकं घेऊन, टॉवेलात गुंडाळून!

मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ट्रॅव्हिन धावत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेब जाडजूड, तोंडात घास, त्याचंही थँक्सगिव्हिंग नाक्यावरच चाललं होतं. त्याने बाबांचं सगळं ऐकून घेतलं. बाबा पहिल्यापासून सांगत होते, सोडतीपासून, टायरांपासून.

"मिस्टर," साहेब शेवटी म्हणाला, "लिंबं द्या."

आईने लिंबं दिली.

"आता मी फळांचा माणूस आहे. लिंबांपुढे तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. या पोराला तर जन्मापासूनच कमी ऐकू येतं. हो ना रे?"

"काय?" ट्रॅव्हिन म्हणाला.

"बघा. ती कमान दिसतेय? तिथून गाडी वळवा आणि आपल्या घरी जा."

"तुम्ही आम्हाला सोडलंत, असं लिहून..." बाबांनी सुरुवात केली. आईने त्यांचा कान धरला. खरोखरचा धरला. गाडी वळली.

त्या दिवशी आम्ही घरी डबाबंद सूप खाल्लं. आत्याचा फोन एक वाजून सहा मिनिटांनी आला. ती काय बोलली ते मला ऐकू येत होतं, आणि फोन बाबांच्या कानाला होता. "मेंढरू मेलं ते फुकट मेलं का?" एवढं एकच वाक्य मी इथे लिहू शकते.

पुढचे तीन दिवस बाबा स्वतःला गुन्हेगार समजत होते. हद्दीपासून नाक्यापर्यंत किती अंतर आहे ते त्यांनी नकाशावर मोजलं. तेवढं अंतर आपण गुन्हा करत होतो, म्हणाले, आणि परत येताना तेवढंच, म्हणजे दुप्पट. कॅलिफोर्नियाला माफीचं पत्र लिहायला बसले. आईने पोस्टाची तिकिटं लपवली.

"हे सगळं सोडून देऊ," बाबा चौथ्या दिवशी म्हणाले. "खोकं शेरिफकडे देऊन टाकतो. तूही सोड."

"आणि माझा फॉर्म?"

"शेवटापर्यंत कुठे गेलीस तू? शाळा सोडलीस तसंच हे."

माझं डोकंच फिरलं. "शाळा मी सोडली कारण तिथे मी काही विचारलं की म्हणायचे, ते परीक्षेला नाही! इथे तुम्हीच विचारायला लावलंत आणि आता तुम्हीच म्हणताय सोड? मी नाही सोडत! तुम्हाला नको असेल उत्तर. मला हवंय!"

दार आपटून मी निघाले आणि सरळ वाचनालयात गेले. रागाच्या भरात वाचनालयात जाणारी गावातली मी पहिलीच असेन. ग्रंथपालबाईंनी आधी खिडक्यांकडे बघितलं.

पाच दिवस बसले. देशाचा कायदा, राज्याचा, जिल्ह्याचा, जमीन खात्याचे आदेश. आणि खरं सांगते, तिसऱ्या दिवशी मला मजा यायला लागली. कारण एक गोष्ट दिसली. कायद्यात 'हो' कुठे लिहिलेलंच नसतं! सगळीकडे नुसतं 'नाही' लिहिलेलं. इथे नाही, तेव्हा नाही, अशाने नाही. सगळी 'नाही' एकाशेजारी एक मांडत गेलं की मध्ये एक रिकामी जागा उरते, अंगणाएवढी. ते आपलं 'हो'. आता मॅव्हिसबाई बिचाऱ्या रिकामी जागा लिहून देणार कशा?

मग मीच लिहिलं. एक पान. सरकारी जमिनीवर नाही. वस्तीपासून ठरलेल्या अंतराच्या आत नाही. मैदानावर नाही, भुवया. कॅलिफोर्नियात तर नावही काढायचं नाही. उरलं काय? स्वतःच्या मालकीची जमीन, मालकाची परवानगी, जिथे जळण्यासारखं काही नाही, आणि आग लागलीच तर सगळं आपल्या डोक्यावर.

पान घेऊन बंबघरात गेले. चीफ डेल्फिन पाइप गुंडाळत होती. तिने दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"सगळ्यांना विचारून! कुणी सांगेना म्हणून लिहिलं."

"चिडतेस कशाला, चांगलं आहे म्हणतेय मी." ती खाली बसली. "मला आधीच लाज वाटतेय. आमच्या सोडतीत ही बला आली कुठून तेच कळत नाहीये. कुणीतरी टेबलावर ठेवून पळालं, आम्ही बंदुकीला चिकटवून दिलं. उघडून बघायला हवं होतं." मग तिने बंबवाल्यांच्या पॅनकेकच्या नाश्त्याचं एक जाहिरातपत्रक घेतलं आणि त्याच्या मागे अटी लिहिल्या. बर्फ वीतभर हवा. वारा नको. दिवसाउजेडी, दुपारच्या आत. पाण्याचा बंब जागेवर. फावडं जागेवर. खाली सही केली आणि लिहिलं, 'वाचलं, बरोबर वाटतं, पण मी वकील नाही.'

बाबांनी ते चष्मा लावून वाचलं. "यात 'वाटतं' लिहिलंय," म्हणाले.

"बाबा!"

"बरं, बरं. जागा?"

जागा प्रुइटकाकांची होती. गावाबाहेर त्यांची बंद पडलेली खडीची खाण आहे, तीन बाजूंना उंच भिंती, आत गवताची काडी नाही. मला वाटलं होतं नाही म्हणतील. ते इतक्या पटकन हो म्हणाले की मी त्यांच्याकडे परत एकदा बघितलं.

डिसेंबरात बर्फ पडला. शनिवारी सकाळी दहाला सगळे खाणीत हजर. चीफ बंब घेऊन आली. आई कॉफीचा थर्मास घेऊन आली. जीनेटआत्या कॅलिफोर्नियाहून आली, एवढं कोणत्या गोष्टीसाठी माझं मेंढरू नाकारलंत ते बघायला, म्हणाली. लिंबाचा केक घेऊन आली होती. "माझ्या झाडाची लिंबं," ती आईला म्हणाली. "इकडे येताना कुणी विचारत नाही हो काही."

बाबांनी कानांत बोळे घातले, बंदूक खांद्याला लावली, समोरच्या भिंतीवर नेम धरला. मी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं. चाप ओढायच्या क्षणी बाबांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले. दात काढताना मिटतात तसे.

धाड!

काही नाही. रेघबिघ काही नाही. भिंतीवरून थोडी माती घसरली.

"पेटली?" बाबांनी विचारलं.

"नाही," सगळे म्हणाले.

दुसरी. धाड. नाही. तिसरी, चौथी. नाही. दहा झाल्या तेव्हा आत्या केक कापायला लागली. प्रत्येक वेळी बाबा डोळे मिटायचे, मग उघडून आमच्याकडे बघायचे आणि आम्ही माना हलवायचो. बाबांचे खांदे जरा जरा खाली यायला लागले. मला कसंतरीच झालं. गावभर एवढी शोभा करून घेतली, अर्धे केस घेऊन फिरले, आणि गोळ्या साध्याच निघाल्या.

एकोणीस झाल्या.

"मेल्या असणार त्या," प्रुइटकाका म्हणाले. "साठ वर्षांचा मसाला आहे. माझा भाऊ म्हणालाच होता, ओल लागलीये."

"साठ वर्षांचा हे तुम्हाला काय माहीत?" मी म्हटलं. "खोक्यावरची चिठ्ठी तर खरवडलेली होती."

प्रुइटकाकांनी कॉफीचा घोट घेतला. लांबलचक. पण या वेळी कपात कॉफी नव्हती, ते मला दिसत होतं.

"काका!"

"अकरा वर्षं!" ते एकदम ओरडले. "अकरा वर्षं मी विचारतोय! भाऊ माझ्या गळ्यात मारून गेला. मॅव्हिसला विचारलं, जमिनीवाल्यांना विचारलं, कुणी लिहून देईना. शेवटी बायको म्हणाली, घरात एक तर ते खोकं राहील नाहीतर मी. मग म्हटलं, बंबवाल्यांकडे द्यावं. आगीची वस्तू त्यांच्याइतकी कुणाला कळणार? मला काय माहीत हे सोडतीत लावतील! आणि लागेल तेही माझ्याच शेजाऱ्याला!"

"आणि तो विम्याचा सल्ला?" आईने विचारलं.

"म्हटलं, घाबरून कुठेतरी लांब नेऊन देईल."

"नेलं ना! कॅलिफोर्नियात नेलं!"

चीफने बर्फाचा गोळा केला आणि नेम धरून काकांच्या टोपीवर मारला. आत्या म्हणाली, याला केक देऊ नका. सगळे एकदम बोलत होते. बाबा मात्र तिकडे बघतही नव्हते. त्यांनी शेवटचं काडतूस बंदुकीत सरकवलं, नियमाप्रमाणे आधी "मारतोय!" असं ओरडून सांगितलं आणि डोळे मिटले.

धाड!

लाल! असली लाल की मी कुठे बघितली नव्हती. पांढऱ्या बर्फावर कुणी एका झटक्यात रेघ मारावी तशी गेली, भिंतीवरच्या दगडाला लागली, तिथून वर उसळली, वळली, आणि बाजूच्या बर्फाच्या ढिगात चर्र करून घुसली. आईच्या हातातून थर्मासचं झाकण पडलं. चीफ म्हणाली, "अगं बाई!" प्रुइटकाकांनी टोपी काढली.

बाबांनी डोळे उघडले.

"नाही ना पेटली?"

आम्ही सगळे एकदम ओरडलो, पेटली! बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना वाटलं, आम्ही त्यांचं मन राखतोय.

"उगाच काहीतरी सांगू नका," ते म्हणाले. मग बराच वेळ बंदुकीचा पट्टा नीट करत राहिले. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तू बघितलीस?"

"बघितली."

"लिहून दे."

पॅनकेकच्या पत्रकावर एक कोपरा रिकामा होता. बोटं गारठली होती तरी बंबाच्या बॉनेटवर टेकून मी लिहिलं. वीसपैकी एक पेटली. शेवटची. मी मायते आर्दान्स, मी शेजारी उभी होते, मी डोळ्यांनी बघितली.

बाबांनी वाचलं. "रेघ होती का ठिपका?"

"रेघ."

"तेही लिही. सरळ?"

"आधी सरळ. मग दगडावर आपटून अशी वर गेली, आणि वर गेल्यावर बाबा, क्षणभर थांबल्यासारखीच वाटली."

"थांबली?" त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "गोळी थांबते का? का तशी दिसते?"

"माहीत नाही. शोधून काढू."

"शोधून काढ," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली, छातीपाशी, आणि हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. मग मी जॅकेटमधून फॉर्म काढला. त्यांनी तो बॉनेटवर पसरला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली, आणि सही केली.

शाई वाळायच्या आत चीफने तो ओढून घेतला.

"झालं? मग इथे काय उभी राहिलीस? तिकडे ढिगातून वाफ येतेय. फावडं घे!"

मी धावले. बर्फात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. खणलं, तर खाली खडीत बोटाच्या पेराएवढं काळं काहीतरी अजून फुसफुसत होतं, तांबूस, विझत आलेलं.

"बाबा, लवकर या!" मी ओरडले.

बाबा बंदूक आईच्या हातात कोंबून धावत आले, धापा टाकत माझ्याशेजारी वाकले. चीफ पाण्याची नळी घेऊन येतच होती. मी हात वर करून तिला एक क्षण थांबवलं. या वेळी बाबांचे डोळे सताड उघडे होते.